हेन्री वॉटकिन्स ॲलन : रणांगणातून राज्यकारभाराकडे

गोषवारा

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या (१८६१-१८६५) काळात दक्षिणी महासंघाच्या काही सेनानींनी युद्ध चालू असतानाच आपापल्या राज्याच्या गव्हर्नरपदाची सूत्रे स्वीकारली. त्यांपैकी लुइझियाना राज्याचे हेन्री वॉटकिन्स ॲलन यांचे चरित्र राज्यशास्त्र व इतिहास या दोन्ही विषयांच्या अभ्यासकांसाठी महत्त्वाचे आहे. युद्धात दोन वेळा गंभीर जखमी झालेल्या या अधिकाऱ्याने जानेवारी १८६४ ते जून १८६५ या अवघ्या सतरा महिन्यांत उद्ध्वस्त राज्यात अन्न, औषध व वस्त्र यांच्या पुरवठ्याची व्यवस्था उभी केली. प्रस्तुत लेखात त्यांच्या जीवनाचा आढावा घेऊन या प्रशासनाची कार्यपद्धती स्पष्ट केली आहे. तसेच या व्यवस्थेने 'जनता' या शब्दात कोणाचा समावेश केला आणि कोणाला वगळले, या प्रश्नाची चर्चा केली आहे.

बीजशब्द : अमेरिकन यादवी युद्ध, दक्षिणी महासंघ, लुइझियाना, युद्धकालीन प्रशासन, गुलामगिरी.

१. प्रस्तावना

युद्धाचा इतिहास बहुधा लढायांच्या अंगाने लिहिला जातो. सैन्य कोठे लढले, कोणी माघार घेतली, कोणता किल्ला पडला यांच्या नोंदी विपुल असतात. परंतु युद्ध चालू असताना सामान्य माणसाच्या घरात मीठ कोठून आले, आजाऱ्याला औषध कसे मिळाले, अंगावरचे कापड फाटल्यावर पुढे काय झाले, हे प्रश्न तुलनेने दुर्लक्षित राहतात. या प्रश्नांची उत्तरे राज्यकारभारात शोधावी लागतात.

अमेरिकेतील दक्षिणी राज्यांनी १८६०-६१ मध्ये संघराज्यातून फुटून स्वतंत्र महासंघ स्थापन केला. या राज्यांची मुख्य घोषणा 'राज्यांचे अधिकार' ही होती आणि त्या घोषणेच्या मुळाशी गुलामगिरीची संस्था टिकवण्याचा हेतू होता. सरकारने नागरिकांच्या व्यवहारात कमीत कमी हस्तक्षेप करावा, असे मानणाऱ्या मळेवाल्यांचे या राज्यांत वर्चस्व होते. युद्धाने मात्र याच राज्यांना व्यापारी, कारखानदार आणि वाटपकर्ता अशा भूमिका स्वीकारण्यास भाग पाडले.

या काळात सेनानीपदावरून गव्हर्नरपदावर आलेल्या व्यक्ती अनेक होत. दक्षिण कॅरोलायनात मिलेज बॉनहॅम डिसेंबर १८६२ मध्ये, मिसिसिपीत चार्ल्स क्लार्क नोव्हेंबर १८६३ मध्ये, तर व्हर्जिनियात विल्यम स्मिथ जानेवारी १८६४ मध्ये गव्हर्नर झाले. हे तिघेही महासंघाच्या सैन्यात जनरल होते. या मालिकेतील ॲलन यांचे वेगळेपण असे की, त्यांच्या वाट्याला आलेले राज्य सर्वांत विस्कळीत होते. त्यांच्या कारभाराची कीर्ती मात्र सर्वांत अधिक टिकली.

२. जडणघडण (१८२०-१८६०)

ॲलन यांचा जन्म २९ एप्रिल १८२० रोजी व्हर्जिनिया राज्यातील प्रिन्स एडवर्ड परगण्यात झाला. त्यांच्या लहानपणीच कुटुंब पश्चिमेकडील मिसुरी राज्यात स्थलांतरित झाले. तेथील मेरियन कॉलेजात त्यांनी काही काळ शिक्षण घेतले. वडिलांशी मतभेद झाल्यामुळे तरुण ॲलन घर सोडून मिसिसिपी राज्यातील ग्रँड गल्फ या गावी आले. तेथे शिक्षकाचे काम करीत त्यांनी कायद्याचा अभ्यास केला आणि वकिली सुरू केली.

१८४२ मध्ये टेक्सास या तेव्हाच्या स्वतंत्र प्रजासत्ताकाचा मेक्सिकोशी संघर्ष पेटला. टेक्सासचे अध्यक्ष सॅम ह्यूस्टन यांनी स्वयंसेवकांना आवाहन करताच ॲलन एक तुकडी घेऊन तिकडे गेले. परत आल्यानंतर १८४४ मध्ये सालोम क्रेन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मिसिसिपीच्या विधिमंडळातही त्यांनी काम केले. १८५१ मध्ये पत्नीचे निधन झाले. त्यानंतर त्यांनी मिसिसिपी सोडून लुइझियाना राज्यातील वेस्ट बॅटन रूज परगण्यात ऊसमळा घेतला. 'ॲलनडेल' या नावाने हा मळा ओळखला जाई.

लुइझियानातील ऊसमळा म्हणजे शेती आणि कारखाना यांचा संयोग होता. ऊस तोडणे, गाळणे, रस उकळणे आणि साखर पाडणे ही सर्व कामे मळ्यावरच होत आणि ती गुलामांकडून करवून घेतली जात. गळिताच्या हंगामात काम रात्रंदिवस चाले. शंभराहून अधिक माणसांच्या श्रमाचे, यंत्रांचे व मालविक्रीचे नियोजन करणे हा अशा मोठ्या मळ्यांच्या मालकांचा नित्याचा व्यवहार होता. पुढे ॲलन यांनी दाखवलेल्या व्यवस्थापनकौशल्याचा उगम शोधताना हा अनुभव विसरता येत नाही.

स्वस्थ बसणे हा त्यांचा स्वभाव नव्हता. लुइझियानाच्या विधिमंडळाचे सदस्य झाल्यावर, वयाच्या चौतिशीत, ते हार्वर्ड येथे कायद्याच्या अभ्यासासाठी गेले. १८५९ मध्ये इटलीच्या स्वातंत्र्ययुद्धात भाग घेण्याच्या इच्छेने त्यांनी युरोप गाठले, परंतु ते पोहोचेपर्यंत युद्ध थांबले होते. तेव्हा त्यांनी प्रवास केला आणि त्या अनुभवावर 'द ट्रॅव्हल्स ऑफ अ शुगर प्लँटर' हे पुस्तक १८६१ मध्ये प्रसिद्ध केले. परकीय सत्तेपासून इटालियनांना मुक्त करण्यासाठी समुद्र ओलांडणारा हा माणूस घरी शेकडो एकरांचा मळा गुलामांच्या श्रमावर चालवीत होता. ही विसंगती त्या काळातील दक्षिणी उच्चवर्गाला विसंगती वाटत नव्हती, हे लक्षात घेणे आवश्यक आहे.

३. रणांगणावरील कारकीर्द

२६ जानेवारी १८६१ रोजी लुइझियानाने संघराज्यातून बाहेर पडण्याचा ठराव केला. ॲलन सैन्यात दाखल झाले आणि चौथ्या लुइझियाना पायदळ पलटणीचे लेफ्टनंट कर्नल व नंतर कर्नल झाले. ६ व ७ एप्रिल १८६२ रोजी टेनेसी राज्यात शायलो येथे झालेल्या लढाईत त्यांच्या पलटणीने संघराज्याच्या भक्कम ठाण्यावर हल्ले चढवले. या लढाईत ॲलन यांच्या चेहऱ्याला गोळी लागली, तरीही त्यांनी मैदान सोडले नाही.

दरम्यान एप्रिल १८६२ च्या अखेरीस न्यू ऑर्लीन्स हे दक्षिणेतील सर्वांत मोठे शहर संघराज्याच्या आरमाराच्या हाती पडले. पाठोपाठ लुइझियानाची राजधानी बॅटन रूजही गेली. ती परत घेण्यासाठी जनरल जॉन ब्रेकिनरिज यांनी ५ ऑगस्ट १८६२ रोजी हल्ला केला. ॲलन यांच्याकडे एका ब्रिगेडचे नेतृत्व होते. ज्या नदीकाठी त्यांचा स्वतःचा मळा होता, त्याच नदीच्या पैलतीरावर ही लढाई झाली. तोफखान्यावर चाल करून जाताना तोफेच्या छर्ऱ्यांनी त्यांचे दोन्ही पाय जखमी झाले. शल्यवैद्यांचा सल्ला पाय कापण्याचा होता, परंतु ॲलन यांनी त्यास नकार दिला. पाय वाचला, तरी उर्वरित आयुष्य त्यांना कुबड्यांच्या आधारे काढावे लागले. ब्रेकिनरिज यांच्या मदतीस येणारी 'आर्कान्सा' ही चिलखती नौका यंत्र बिघडल्यामुळे निकामी झाली आणि हल्ला फसला.

या एकाच लढाईत महासंघाच्या बाजूचे दोन भावी गव्हर्नर घायाळ झाले. मिसिसिपीचे चार्ल्स क्लार्क यांचेही कंबरेचे हाड तेथेच मोडले आणि ते शत्रूच्या हाती सापडले. पुढील दीड वर्षात शेजारशेजारच्या दोन राज्यांनी दोन अपंग सेनानींच्या हाती कारभार सोपवला. युद्धात ज्याने शरीराने किंमत मोजली आहे, त्याच्याच शब्दाला लोक मान देतील, ही त्यामागील लोकभावना असावी असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

दीर्घ उपचारानंतर ऑगस्ट १८६३ मध्ये ॲलन यांना ब्रिगेडियर जनरल हा हुद्दा देण्यात आला. मात्र प्रत्यक्ष लढाईस ते असमर्थ होते. नोव्हेंबर १८६३ च्या निवडणुकीत ते मोठ्या मताधिक्याने गव्हर्नर म्हणून निवडून आले.

४. दोन सरकारांचे एक राज्य

२५ जानेवारी १८६४ रोजी श्रीव्हपोर्ट येथे ॲलन यांनी थॉमस ओव्हरटन मूर यांच्याकडून पदभार स्वीकारला. त्या वेळी लुइझियानाची अवस्था समजून घेतल्याशिवाय त्यांच्या कामाचे मोल कळणार नाही.

जुलै १८६३ मध्ये व्हिक्सबर्ग व पोर्ट हडसन ही दोन्ही ठाणी पडली होती. त्यामुळे संपूर्ण मिसिसिपी नदी संघराज्याच्या ताब्यात गेली आणि महासंघाचे दोन तुकडे झाले. नदीच्या पश्चिमेकडील लुइझियाना, आर्कान्सा व टेक्सास या प्रदेशांचा रिचमंड या राजधानीशी संपर्क जवळजवळ तुटला. या तुटलेल्या विभागाची लष्करी सूत्रे जनरल एडमंड कर्बी स्मिथ यांच्याकडे होती आणि त्यांचे मुख्यालयही श्रीव्हपोर्टलाच होते.

राज्याच्या आग्नेय भागात संघराज्याचे सैन्य होते. तेथे मायकेल हान यांनी मार्च १८६४ मध्ये संघराज्याला निष्ठावान गव्हर्नर म्हणून शपथ घेतली. अशा रीतीने एकाच राज्यात दोन राजधान्या, दोन विधिमंडळे आणि दोन गव्हर्नर अशी स्थिती निर्माण झाली. हान यांच्या बाजूने १८६४ मध्येच नवी राज्यघटना स्वीकारून गुलामगिरी रद्द केली. ॲलन यांच्या बाजूला मात्र ती संस्था कायम होती.

पदग्रहणानंतर तीन महिन्यांच्या आत संघराज्याचे जनरल नॅथॅनियल बँक्स यांनी रेड नदीच्या मार्गाने श्रीव्हपोर्टवर चाल केली. ८ एप्रिल १८६४ रोजी मॅन्सफील्ड येथे जनरल रिचर्ड टेलर यांनी त्यांचा पराभव केला आणि दुसऱ्या दिवशीच्या प्लेझंट हिल येथील लढाईनंतर बँक्स मागे फिरले. माघार घेणाऱ्या सैन्याच्या वाटेवरची शेते, घरे व गोदामे जळाली. १३ मे रोजी ॲलेक्झांड्रिया हे गाव आगीत भस्मसात झाले. राजधानी वाचली, पण वाचलेल्या राज्यात खायला पुरेसे राहिले नाही. ॲलन यांनी या काळातील संघराज्य सैन्याच्या वर्तनाविषयी साक्षी गोळा करविल्या. त्यांचा अहवाल १८६५ मध्ये छापला गेला.

५. युद्धकालीन प्रशासनाची कार्यपद्धती

५.१ कापूस आणि मेक्सिकोचा मार्ग

राज्याजवळ विकण्यासारखी मुख्य वस्तू एकच होती, ती म्हणजे कापूस. समुद्रावर संघराज्याच्या आरमाराची नाकेबंदी होती. परिणामी कापूस आत कुजत होता आणि बाहेर त्याचे भाव गगनाला भिडले होते. इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्या अमेरिकन कापसाअभावी बंद पडत होत्या. या टंचाईचा परिणाम महाराष्ट्रालाही परिचित आहे. याच वर्षांत खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला अभूतपूर्व भाव मिळाला, मुंबईत पैशाचा पूर आला आणि १८६५ मध्ये अमेरिकेतील युद्ध संपताच तो ओसरून अनेक पेढ्या बुडाल्या. मुंबईतील तेजी आणि ॲलन यांची व्यापारनीती ही एकाच नाकेबंदीची दोन टोके होत.

नाकेबंदीला एक पळवाट होती. मेक्सिको हा तटस्थ देश असल्याने तेथील बंदराला नाकेबंदी लागू होत नव्हती. ॲलन यांच्या सरकारने राज्यासाठी कापूस मिळवला, तो गाड्यांमधून टेक्सास ओलांडून रिओ ग्रांदे नदीपलीकडील मातामोरोसच्या बाजूस पाठवला आणि त्याच्या मोबदल्यात कापड, औषधे, अवजारे व हातफण्या आणल्या. हातफणी म्हणजे कापूस विंचरून सूतकताईस योग्य करणारे साधन. गिरणीचे कापड मिळेनासे झाल्यावर घरोघरी सूत काढण्याची वेळ आली होती आणि फणीवाचून ते काम अडत होते. एवढ्याशा वस्तूचा पुरवठा हा त्या काळी राज्यकारभाराचा विषय बनला, यावरून टंचाईची तीव्रता लक्षात येते.

५.२ सरकारी भांडार आणि चलन

आयात केलेला माल व्यापाऱ्यांच्या हाती दिला असता, तर त्याचे भाव सामान्यांच्या आवाक्याबाहेर गेले असते. म्हणून राज्याने स्वतःचे भांडार उघडले आणि तेथून माल माफक दराने विकला. महासंघाच्या कागदी चलनावरील लोकांचा विश्वास उडाला होता आणि अनेक व्यापारी ते नाकारीत होते. सरकारी भांडारात मात्र कागदी पैसा स्वीकारला जाई. या निर्णयाचे दोन परिणाम झाले. गरीब कुटुंबांना माल मिळाला आणि ज्या कागदाला माल मिळतो, त्या कागदाला थोडीफार किंमत उरली. चलनाची पत आदेशाने टिकत नाही, ती वस्तूंच्या आधाराने टिकते, हे अर्थशास्त्रातील तत्त्व येथे व्यवहारात उतरलेले दिसते.

५.३ औषधनिर्मिती व उद्योग

नाकेबंदीत औषधांचा तुटवडा सर्वाधिक जाणवत होता. ॲलन यांच्या सरकारने माउंट लेबनन येथे राज्याची औषधनिर्मितीशाळा सुरू केली आणि डॉ. बार्थोलोम्यू ईगन यांच्याकडे तिची जबाबदारी दिली. स्थानिक वनस्पतींपासून औषधे, एरंडेल, टर्पेंटाइन आणि वैद्यकीय उपयोगाचे मद्यार्क यांची निर्मिती हे या उपक्रमाचे स्वरूप होते. दुसरीकडे, धान्य मद्याच्या भट्टीत जाऊ नये म्हणून खाजगी भट्ट्यांवर बंदी घालण्यात आली. लोखंडी भांडी व अवजारे यांसाठी ओतशाळेची योजना राबवण्यात आली. अपंग सैनिक तसेच सैनिकांची निराधार कुटुंबे यांना साहाय्य देण्यात आले.

५.४ लष्कराशी संबंध

श्रीव्हपोर्टमध्ये लष्करी सत्ता व नागरी सत्ता शेजारी नांदत होत्या. सैन्यासाठी धान्य, जनावरे व गाड्या सक्तीने ताब्यात घेण्याची पद्धत रूढ होती आणि तिच्या नावाखाली लूटही होत असे. ॲलन यांनी अशा बेकायदेशीर जप्तीस विरोध केला. कापसाच्या प्रश्नावर कर्बी स्मिथ यांच्या खात्याशी त्यांचे हितसंबंध आदळत होते, तरी दोघांनी परस्परांत तडजोड राखली. स्वतः सेनानी असल्यामुळे लष्कराची गरज ॲलन यांना कळत होती आणि त्यामुळेच लष्कराला 'नाही' म्हणण्याचा अधिकारही त्यांना प्राप्त झाला होता.

६. कल्याणाची मर्यादा

येथवरचे वर्णन वाचून एका लोककल्याणकारी राज्यकर्त्याचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. हे चित्र खोटे नाही, परंतु ते अपुरे आहे.

१८६० च्या जनगणनेनुसार लुइझियानाची लोकसंख्या ७,०८,००२ होती आणि तिच्यापैकी ३,३१,७२६ व्यक्ती गुलाम होत्या. म्हणजेच राज्यातील सुमारे ४७ टक्के माणसे कायद्याने दुसऱ्याची मालमत्ता होती. ज्या कापसाच्या बळावर भांडार भरले जात होते, त्या कापसाची लागवड आणि वेचणी प्रामुख्याने याच माणसांनी केली होती. सरकारी भांडाराचा खरा भांडवलदार तोच होता. परंतु ज्यांच्यासाठी हे राज्य चालवले जात होते, त्या 'जनते'त त्याची गणना होत नव्हती.

अध्यक्ष लिंकन यांच्या १ जानेवारी १८६३ च्या मुक्तिघोषणेचा तपशील येथे उद्बोधक ठरतो. ही घोषणा बंडखोर प्रदेशांपुरती होती. न्यू ऑर्लीन्स आणि त्याभोवतालचे संघराज्याच्या ताब्यातील परगणे तिच्यातून वगळले होते. उलट ॲलन यांच्या अमलाखालील संपूर्ण प्रदेश तिच्या कक्षेत येत होता. म्हणजे संघराज्याच्या दृष्टीने त्यांच्या राज्यातील प्रत्येक गुलाम त्यांच्या पदग्रहणापूर्वीच मुक्त झालेला होता, आणि त्यांच्या सरकारचे अस्तित्वच त्या मुक्तीच्या आड येत होते.

गुलामांना हे कळत होते. संघराज्याचे सैन्य जवळ येताच हजारो गुलाम मळे सोडून त्याच्या छावण्यांकडे गेले. त्यांना रोखण्यासाठी अनेक मळेवाल्यांनी आपल्या गुलामांना टेक्सासमध्ये हाकलत नेले. लुइझियानातून सुमारे २४,००० कृष्णवर्णीय सैनिक संघराज्याच्या सैन्यात दाखल झाले. अन्य कोणत्याही राज्याची संख्या इतकी मोठी नव्हती. २७ मे १८६३ रोजी पोर्ट हडसन येथे आणि ७ जून १८६३ रोजी मिलिकन्स बेंड येथे लुइझियानातील कृष्णवर्णीय पलटणींनी दाखवलेल्या शौर्याने त्यांच्याविषयीचे पूर्वग्रह हादरले. एकीकडे मायदेशासाठी कुबड्यांवर उभा असलेला गव्हर्नर आणि दुसरीकडे त्याच मायभूमीतून स्वतःच्या मुक्तीसाठी लढायला निघालेली माणसे, अशी ही लुइझियानाची दोन चित्रे आहेत. इतिहासकाराला ती एकत्रच पाहावी लागतात.

७. कृष्णवर्णीय सैनिकांचा प्रस्ताव

या पार्श्वभूमीवर ॲलन यांच्या एका पत्राचे महत्त्व कळते. २६ सप्टेंबर १८६४ रोजी त्यांनी महासंघाचे युद्धमंत्री जेम्स सेडन यांना लिहिले की, प्रत्येक सशक्त कृष्णवर्णीय पुरुषाला सैनिक म्हणून भरती करण्याची वेळ आली आहे. शस्त्र धरू शकणाऱ्यांना आपण मुक्त करू व तत्काळ रणात पाठवू, असे त्यांनी मांडले. हे पत्र संघराज्याच्या हाती लागले आणि त्यावरून महासंघाची दुर्बलता उघड झाली.

या प्रस्तावावरून ॲलन यांना गुलामगिरीचे विरोधक ठरवणे चुकीचे होईल. हे लोक शत्रूच्या बाजूने लढत आहेत, त्यापेक्षा ते आपल्या बाजूने लढलेले बरे, असा त्यांचा हिशेब होता. न्यायाचा विचार त्यात नव्हता. असे असले तरी या हिशेबाने एक मोठी कबुली दिली. ज्यांना स्वभावतः परावलंबी ठरवून गुलामगिरीचे समर्थन केले जात होते, ते सैनिक होऊ शकतात हे एकदा मान्य केले की त्या समर्थनाचा पायाच ढासळतो. महासंघाने कृष्णवर्णीयांच्या भरतीचा कायदा १३ मार्च १८६५ रोजी संमत केला, पण त्यातही मुक्ती मालकाच्या संमतीवर सोडली होती. तोवर युद्धाचा निकाल लागल्यातच जमा होता.

८. पराभव, निरोप आणि निर्वासन

९ एप्रिल १८६५ रोजी जनरल ली यांनी व्हर्जिनियात शरणागती पत्करली. मिसिसिपीच्या पश्चिमेकडील विभाग अद्याप नमला नव्हता. मे महिन्यात टेक्सासमधील मार्शल येथे या विभागातील राज्यांच्या प्रमुखांची बैठक झाली. लढाई चालू ठेवणे व्यर्थ आहे, हे ॲलन यांनी ओळखले होते. सन्मान्य अटी मिळवण्यासाठी त्यांनी वॉशिंग्टनला जावे असाही विचार पुढे आला, परंतु तो प्रत्यक्षात उतरला नाही. सैनिक तुकड्या सोडून घरी जाऊ लागले आणि सैन्य आपोआप विरघळले.

२ जून १८६५ रोजी कर्बी स्मिथ यांनी गॅल्व्हेस्टन येथे शरणागतीवर शिक्कामोर्तब केले. त्याच दिवशी ॲलन यांनी लुइझियानाच्या जनतेला उद्देशून निरोपाचे निवेदन काढले. जे अटळ आहे ते स्वीकारा, भूतकाळावर अश्रू ढाळू नका, नव्याने आयुष्य उभारा, असा त्याचा आशय होता. सूडाची भाषा त्यांनी टाळली. पराभूत राज्यकर्त्याने आपल्या अनुयायांना शांततेने घरी जाण्यास सांगणे ही लहान गोष्ट नव्हे.

अटकेच्या शक्यतेमुळे ते मेक्सिकोत गेले. तेथे सम्राट मॅक्सिमिलियन यांची राजवट होती आणि महासंघाचे अनेक निर्वासित अधिकारी तिच्या आश्रयाला आले होते. ॲलन यांनी मेक्सिको शहरात 'द मेक्सिकन टाइम्स' हे इंग्रजी वृत्तपत्र सुरू करून त्याचे संपादन केले. वसाहतींचा व स्थलांतराचा पुरस्कार हे या पत्राचे धोरण होते. परंतु युद्धातील जखमा बऱ्या झाल्या नव्हत्या आणि प्रकृती ढासळत चालली होती. २२ एप्रिल १८६६ रोजी, शेहेचाळीस वर्षे पूर्ण होण्यास एक आठवडा असताना, त्यांचे तेथेच निधन झाले. पुढे त्यांचे अवशेष लुइझियानात आणले गेले आणि अखेरीस १८८५ मध्ये बॅटन रूज येथील जुन्या राज्यभवनाच्या आवारात त्यांना विसावा मिळाला.

९. स्मृती आणि मूल्यमापन

ॲलन यांच्या मृत्यूच्या वर्षीच, १८६६ मध्ये, सारा डोर्सी या लेखिकेने त्यांच्या आठवणींचा ग्रंथ प्रसिद्ध केला. डोर्सी स्वतः मळेवाल्या कुटुंबातील होत्या आणि ॲलन यांच्याविषयी त्यांना उत्कट आदर होता. पुढे महासंघाचे माजी अध्यक्ष जेफरसन डेव्हिस यांना त्यांनीच आपल्या बोव्हॉर येथील निवासस्थानी आश्रय दिला. त्यामुळे या ग्रंथाचे माहितीमूल्य मान्य करूनही त्यातील गौरवाचा सूर गृहीत धरूनच तो वाचावा लागतो. विसाव्या शतकात डग्लस साउथहॉल फ्रीमन यांनी महासंघाने घडवलेला एकमेव थोर प्रशासक अशा अर्थाने ॲलन यांचा उल्लेख केला. १९६४ मध्ये व्हिन्सेंट कॅसिडी व अमॉस सिम्पसन यांनी त्यांचे संशोधनाधिष्ठित चरित्र लिहिले. लुइझियानातील पोर्ट ॲलन हे गाव आणि १९१२ मध्ये निर्माण झालेला ॲलन परगणा ही त्यांच्याच नावाची स्मारके होत.

या गौरवपरंपरेत एक प्रश्न मागे पडला. प्रशासनाची थोरवी केवळ त्याच्या कार्यक्षमतेने मोजावी काय? भांडार, औषधशाळा, चलन, साहाय्य या सर्व कसोट्यांवर ॲलन उत्तीर्ण होतात. पण त्या व्यवस्थेच्या दाराबाहेर कोण उभे होते, ही दुसरी कसोटीही तितकीच आवश्यक आहे. या दुसऱ्या प्रश्नाची जाण मराठी विचारपरंपरेत फार लवकर प्रकट झाली होती. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये प्रसिद्ध केलेला 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांच्या दास्यमुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला. ॲलन यांच्या मृत्यूनंतर केवळ सात वर्षांनी पुण्यातील एका विचारवंताने त्या युद्धाकडे कोणाच्या बाजूने पाहावे, याचा निर्वाळा दिला होता.

१०. निष्कर्ष

ॲलन यांच्या जीवनाच्या अभ्यासातून पुढील निष्कर्ष हाती येतात.

१) युद्धकाळात राज्यसंस्थेचे स्वरूप तिच्या घोषित विचारसरणीपेक्षा गरजेने ठरते. हस्तक्षेपाला विरोध करणाऱ्या मळेवाल्यांच्या राज्यानेच व्यापार, उत्पादन आणि वाटप आपल्या हाती घेतले.

२) टंचाईच्या काळात रास्त दराने वस्तू उपलब्ध करून देणे हा सरकारवरील विश्वास टिकवण्याचा सर्वांत परिणामकारक मार्ग ठरतो.

३) सेनानीच्या अनुभवाचा राज्यकारभारात उपयोग झाला तो शिस्तीच्या रूपाने आणि लष्करी सत्तेला मर्यादा घालण्याच्या नैतिक अधिकाराच्या रूपाने.

४) कार्यक्षम प्रशासन आणि न्याय्य प्रशासन या दोन भिन्न गोष्टी आहेत. ॲलन यांनी उपाशी कुटुंबांना धान्य दिले हे जितके सत्य आहे, तितकेच त्यांच्या राज्याची जवळपास निम्मी माणसे मालमत्ता मानली गेली हेही सत्य आहे. पहिल्या सत्यामुळे दुसरे झाकले जाऊ नये आणि दुसऱ्यामुळे पहिल्याची नोंद पुसली जाऊ नये.

कुबड्यांच्या आधारे उभे राहून ॲलन यांनी एक कोसळणारे राज्य सतरा महिने सावरून धरले. ते कोसळले, तेव्हा त्यांच्या मते एक युग संपले होते. लुइझियानातील तीन लाखांहून अधिक माणसांसाठी मात्र त्याच दिवशी एका युगाचा आरंभ झाला. ॲलन यांच्या चरित्राचा अर्थ या दोन दृष्टींच्या मधोमध शोधावा लागतो.